जिवाचे चार साक्षीदार

आपल्या मराठी भाषेने शरीराची परीक्षा फार पूर्वीपासून बोलण्यात मुरवून घेतली आहे. एखाद्या पुढाऱ्याला लोकांची नाडी कळते, असे आपण म्हणतो. उन्हातून खेळून आलेल्या पोराच्या कपाळाला आई पालथा हात लावते आणि ‘कसर आहे’ म्हणून त्याला घरात बसवते. पन्हाळ्याची चढण चढताना धाप लागते, वाईट बातमी ऐकून ऊर धडधडतो, आणि शेवटच्या क्षणी ‘नाडी सुटली’ असे जवळचे लोक हलक्या आवाजात सांगतात. नाडी, ऊब आणि श्वास ही जिवाची तीन लक्षणे अशी आपल्या घरादारात पिढ्यान्‌पिढ्या वावरत आली. चौथे लक्षण, रक्ताचा दाब, मात्र जुन्या भाषेत कुठेच नाही. त्याचे कारण साधे आहे. तो हाताला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही आणि पुष्कळदा ज्याला असतो त्यालाही कळत नाही.

या चार साक्षीदारांचा इतिहास आज आपल्याला पाहायचा आहे. हा इतिहास नुसत्या यंत्रांचा नाही. शरीर बोलते ते ऐकण्याचा अधिकार कोणाला होता, तो किती थोड्यांच्या हातांत होता आणि तिथून तो आपल्या घरापर्यंत कसा आला, याची ही हकीकत आहे.

आरंभ नाडीपासून करू. आपल्याकडे अशी समजूत आहे की नाडीपरीक्षा ही आयुर्वेदातील सर्वांत प्राचीन विद्या. वस्तुतः चरक आणि सुश्रुत या दोन थोर संहितांत रोग्याला पाहावे, स्पर्श करावा, विचारावे, असे सविस्तर सांगितले आहे. परंतु मनगटावरील नाडीवरून रोग ओळखण्याचे शास्त्र त्यांत नाही. ते स्पष्टपणे येते शार्ङ्गधराच्या संहितेत, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास. अंगठ्याच्या मुळाशी असलेली धमनी ही जिवाची साक्ष देणारी आहे, असे तो सांगतो. वाताची नाडी सापासारखी किंवा जळवेसारखी वळवळत चालते, पित्ताची बेडकासारखी किंवा कावळ्यासारखी उड्या घेते, आणि कफाची हंसासारखी किंवा पारव्यासारखी संथ जाते, अशी तिची वर्णने आहेत. पुढे योगरत्नाकराने नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृष्टी आणि आकृती अशी रोग्याची अष्टस्थानपरीक्षाच घालून दिली.

ही वर्णने वाचून हसण्याचे कारण नाही. साप, बेडूक आणि हंस यांची चाल ज्याने निरखली आहे, त्याला गती, ताल आणि जोर हे तिन्ही एका शब्दात सांगण्याची ती युक्ती होती. आजही डॉक्टर नाडी पाहतात तेव्हा ठोके किती, ते नियमित आहेत की नाहीत आणि त्यांत जोर किती, याच गोष्टी पाहतात. परंतु या विद्येला एक मर्यादा होती. ती गुरूच्या बोटांतून शिष्याच्या बोटांत जायची आणि वाटेत कुठे सांडली तर कुणाला पत्ता लागायचा नाही. काल ज्या वैद्याने हंस म्हटले आणि आज ज्याने बेडूक म्हटले, त्या दोघांत तंटा पडला तर तो सोडवायचा कसा? दोघांना मान्य होईल असे माप नव्हते.

हे माप युरोपात सापडले, आणि त्याची कथा मोठी मौजेची आहे. पिसा शहरातील प्रार्थनामंदिरात झुलणारा दिवा पाहून गॅलिलिओने त्याचे हेलकावे स्वतःच्या नाडीच्या ठोक्यांवर मोजले, असे सांगतात. म्हणजे तोवर नाडी हेच घड्याळ होते! पुढे पडुआच्या सान्तोरिओ या वैद्याने हा व्यवहार उलटा केला. त्याने दोरीला वजन बांधून लंबक केला आणि त्याच्या झोक्यावर रोग्याची नाडी मोजली. १६२८ मध्ये विल्यम हार्वे याने हृदय हा पंप असून रक्त शरीरात फिरून परत हृदयाकडेच येते, हे सिद्ध केले. त्यामुळे नाडी म्हणजे काय, याचा उलगडा झाला. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर धमनीतून जी लाट जाते, ती आपल्या बोटांना लागते. १७०७ मध्ये जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने बरोबर एक मिनिट चालून थांबणारे खास घड्याळ वापरले आणि ठोके मोजून लिहून ठेवण्याचा परिपाठ सुरू केला. आज स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० असते, हे शाळकरी मुलगाही सांगतो. कसलेल्या पहिलवानाची ती साठाच्या खाली असली तरी घाबरण्याचे कारण नसते, कारण मेहनतीने कमावलेले हृदय एका आकुंचनातच अधिक रक्त ढकलते.

उष्णतेचे माप याहून उशिरा आले. पाऱ्याची नळी फॅरेनहाइटने १७१४ मध्येच केली होती. पण ती रोग्याच्या उशाशी यायला दीडशे वर्षे गेली. लायप्झिगच्या वुन्डरलिश या डॉक्टराने सुमारे २५,००० रोग्यांचा ताप पुनःपुन्हा मोजला आणि १८६८ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. शरीराची सर्वसाधारण उष्णता ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ अंश फॅरेनहाइट, हा आकडा त्याच्यामुळे जगभर रूढ झाला. अलीकडच्या मोजण्यांत ही सरासरी त्याहून किंचित खालीच येते, आणि सकाळपेक्षा संध्याकाळी ती थोडी वर असते. वुन्डरलिशच्या वेळचे तापमापक लांबलचक असत आणि पारा स्थिर होण्यास वीस-वीस मिनिटे लागत. इंग्लंडच्या क्लिफर्ड ऑलबट याने १८६६-६७ च्या सुमारास सहा इंची नळी तयार करून घेतली. ती खिशात मावे आणि पाच मिनिटांत काम भागवी.

वुन्डरलिशचा खरा उपकार मात्र त्या आकड्यापेक्षा मोठा आहे. ताप हा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण आहे, आणि एकदा मोजण्यापेक्षा वेळोवेळी मोजून त्याची रेघ काढली तर रोगाची चाल दिसते, हे त्याने दाखवले. आपल्या पूर्वजांना ही चाल ठाऊक नव्हती असे नाही. आयुर्वेदाने रोज येणारा अन्येद्युष्क, एक दिवस सोडून येणारा तृतीयक आणि दोन दिवस सोडून येणारा चातुर्थिक असे ज्वर वेगळे केले होते. आपण ज्याला मुदतीचा ताप म्हणतो, त्या नावातच किती दिवस वाट पाहायची त्याचा हिशेब होता. कागदावर रेघ ओढण्याची कल्पना तेवढी नवी होती. पण त्या रेघेमुळे रात्रपाळीची परिचारिका आणि सकाळी येणारा डॉक्टर यांना एकच गोष्ट दिसू लागली. आठवणीवर विसंबण्याचे कारण उरले नाही.

आता हे माप आपल्या मुलखात सामान्य माणसापुढे कोणत्या रूपाने आले ते पाहू. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग प्रकट झाला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. आगगाडीची स्टेशने, घाटाखालचे नाके, शहरांतील गल्ल्या सर्वत्र तपासणी सुरू झाली. अंग तापलेले आहे काय, काखेत-जांघेत गाठ आहे काय, हे पाहून माणसाला बाजूला काढीत. पुण्यात हे काम गोऱ्या शिपायांकडे गेले. घरात शिरणे, बायकांना परक्या पुरुषाने तपासणे, सामान फेकणे यांमुळे लोक संतापले. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झालेल्या गोळीबारात झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. पुढील दोन-तीन वर्षांत या रोगाच्या तडाख्यातून करवीर संस्थानही सुटले नाही, आणि घरदार सोडून शेतात झोपड्या घालून राहण्याचा अनुभव या भागातील कित्येक कुटुंबांनी घेतला.

या प्रसंगाचा धडा विसरण्यासारखा नाही. ताप मोजणे हे शास्त्रदृष्ट्या बरोबरच होते. पण मोजणारा शत्रू वाटला की माणूस ताप लपवतो, गाठ लपवतो, रोगी माळ्यावर दडवून ठेवतो. साक्षीदाराचे खरे बोल ऐकायचे असतील तर आधी त्याला अभय द्यावे लागते.

आणखी एक प्रश्न होता, तो आपल्या शहराशी निगडित आहे. स्त्रीची नाडी कोणी पाहायची? परपुरुषाच्या हाती मनगट देण्यापेक्षा मरण बरे, असे समजणाऱ्या घरांची तेव्हा वाण नव्हती. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल, त्या चौदा वर्षांच्या असताना, जन्मल्यावर दहा दिवसांतच गेले. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचे मनावर घेतले. त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी वैद्यकाची पदवी मिळवली. कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक केली. आज ज्याला आपण छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय किंवा नुसते सी. पी. आर. म्हणतो, तेच हे हॉस्पिटल. पण आनंदीबाई त्या जागेवर कधीच रुजू होऊ शकल्या नाहीत. क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्यांनी डोळे मिटले.

त्या वेळी क्षयाचा जंतू सापडून पाच वर्षे झाली होती. संध्याकाळी चढणारा ताप मोजता येत होता, खोकला ऐकू येत होता, वजन उतरलेले दिसत होते. त्यावर औषध मात्र आणखी साठेक वर्षे येणार नव्हते. लक्षण कळणे आणि रोग हटणे यांत केवढे अंतर असू शकते, हे या एका मृत्यूवरून समजते. सुदैवाने तो विभाग पोरका राहिला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूरच्याच डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी शाहू महाराजांच्या उत्तेजनाने याच रुग्णालयात काम केले, आणि इथल्या बायकांना मनगट पुढे करताना संकोच वाटेनासा झाला.

आता चौथा साक्षीदार, रक्तदाब. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने एका घोडीच्या धमनीत नळी घालून तिला उभी काच जोडली, तेव्हा रक्त आठ फूट तीन इंच वर चढले. हा प्रयोग १७३३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसावर असे करणे शक्य नव्हते. ज्या १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्याच साली इटलीत तुरिनच्या रिवा-रोच्ची याने दंडाला गुंडाळण्याचा हवेचा पट्टा आणि पाऱ्याची नळी जोडून सोपे यंत्र केले. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह या शस्त्रवैद्याने त्याला कानाची जोड दिली. पट्टा फुगवला की धमनी दबून रक्त थांबते. हवा हळूहळू सोडताना कोपराच्या खळगीत जो पहिला टक्‌ असा आवाज येतो, तो वरचा दाब. आवाज नाहीसा होतो तो खालचा. आजही दवाखान्यात हीच रीत आहे.

यंत्र मिळाले, तरी त्याचे म्हणणे वैद्यकाने लगेच मानले नाही. वय वाढले की धमन्या कडक होतात, तेव्हा रक्त पुढे ढकलायला जास्त दाब हवाच, तो उतरवणे धोक्याचे, असे १९३०-४० च्या दरम्यान नामांकित डॉक्टरही मानीत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब १९४४-४५ मध्ये दोनशेच्या वर जात होता. १२ एप्रिल १९४५ रोजी डोके असह्य दुखत असल्याचे सांगून ते कोसळले. त्या वेळी मोजलेला दाब ३००/१९० होता. मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांचा अंत झाला. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या अध्यक्षाजवळ डॉक्टर होते, यंत्र होते, आकडाही होता. उतारा मात्र नव्हता.

उताऱ्याच्या शोधात आपल्या मुंबईचा वाटा मोठा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याकडील जुन्या वनस्पतीचा रक्तदाबाच्या ५० रोग्यांवर पद्धतशीर उपयोग करून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला. औषधापूर्वी दाब किती, औषधानंतर किती, बंद केल्यावर किती, हे त्यात आकड्यांनी मांडले होते. तोवर बंगालमधील वैद्यांनी आणि डॉक्टरांनी या मुळीचे गुण सांगितले होतेच. पण या निबंधाने जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये त्या मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे त्याहून निर्धोक औषधे आली. रिसर्पिनने काही रोग्यांचे मन खिन्न होते असे दिसल्याने ते मागे पडले. जुनी मुळी आणि नवा आकडा यांचे सहकार्य झाले तर काय घडते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्या कोल्हापूरला या चौथ्या साक्षीदाराची गरज अधिक आहे, असे मला वाटते. हे तालमींचे शहर. गंगावेश, मोतीबाग ही नावे आपण अभिमानाने घेतो. खासबागेचे कुस्तीमैदान ज्यांनी बांधले, ते शाहू महाराज स्वतः मल्ल होते आणि त्यांची भव्य देहयष्टी प्रसिद्ध होती. पण ६ मे १९२२ रोजी मुंबईत, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, ते हृदयविकाराने गेले. त्या काळी हृदयरोगावर वैद्यकाजवळ फारसे काही नव्हतेच. तरीही इतके खरे की देहाच्या बांध्यावरून आतल्या हृदयाचा अंदाज बांधता येत नाही. ‘मला काय धाड भरली आहे?’ असे म्हणणारा धडधाकट माणूस खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच काही जाणवत नसते. देशव्यापी कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ मध्ये, पंधरा वर्षांवरील पुरुषांत २४ टक्के आणि स्त्रियांत २१ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. या सभागृहातील प्रत्येक रांगेत पाच माणसे धरली, तर त्यांतील एक.

म्हणून दाब कसा मोजावा, तेही सांगतो. आधी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, व्यायाम नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर आधारलेला, पट्टा बाहीवर न बांधता उघड्या दंडावर, आणि तोंड बंद. बोलतानाही दाब वाढतो. थोड्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. साधारण १२०/८० च्या आसपास ठीक. दवाखान्यात निरनिराळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून वर येत राहिला तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि औषध सुरू झाल्यावर बरे वाटते म्हणून ते परस्पर बंद करू नये. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चमचाभरापेक्षा कमी, मीठ सांगते. लोणचे, पापड आणि खर्डा यांतील मीठ त्यातच धरायचे, हे तेवढे लक्षात ठेवावे.

शेवटी श्वास. मोजायला सर्वांत सोपा, आणि म्हणूनच दुर्लक्षित. प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. लहान मुलाचे पोट उडते आहे, असे आपल्या बायका म्हणतात तेव्हा त्या न्यूमोनियाचेच लक्षण सांगत असतात. दोन महिने ते वर्षाच्या आतील मुलाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असला, तर तो धोका समजतात. दोन महिन्यांहून लहान तान्ह्यास ही मर्यादा ६० आहे. पण ज्या बाईला चाळीसपर्यंत मोजता येत नाही तिने काय करावे? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी त्यावर मणी आणि वाळूचे घड्याळ यांचे एक साधन तयार केले. वाळू खाली पडेपर्यंत श्वासांबरोबर मणी सरकवायचे. खुणेच्या पलीकडे गेले तर मूल आजारी. तेथील न्यूमोनियावरील कामाचा निबंध १९९० मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी रोग ओळखून औषध दिल्याने बालमृत्यू कमी होतात, हे त्याने दाखवले. फ्लॉयरच्या मिनिटाच्या घड्याळापासून निघालेली गोष्ट इथे सुईणीच्या हातात पोचली.

२०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा श्वासाचा आणखी एक साक्षीदार घरोघर आला. बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू दाखवणारे हे यंत्र मुळात जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या १९७० नंतरच्या संशोधनातून निघाले, आणि ते स्वतः साथीच्या आरंभीच, १८ एप्रिल २०२० रोजी वारले. रोग्याला धाप नसतानाही प्राणवायू उतरलेला असतो, हे त्या यंत्राने दाखवले. त्या वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली, आणि आशाताई दारोदार जाऊन ताप व प्राणवायू मोजू लागल्या. १८९७ च्या शिपायाशी या बाईची तुलना करून पाहा. ती गल्लीतलीच असते, सुनेला नावाने हाक मारते, चहाला नको म्हणते आणि आकडा वहीत लिहून पुढच्या दाराशी जाते. साक्षीदाराला अभय मिळाले ते असे.

तरीही आकड्यापुढे मान तुकवून चालणार नाही. बोटे गार असली, नखाला रंग असला तर ते यंत्र चुकते. सावळ्या कातडीवर ते प्राणवायू कधीकधी खरा असतो त्याहून जास्त दाखवते, असेही आढळले आहे. आकडा चांगला आणि माणूस मलूल असेल, तर माणसावर विश्वास ठेवावा. साक्षीदार साक्ष देतो, न्यायनिवाडा करीत नाही. तो डॉक्टरांनी, रोग्याचे सगळे म्हणणे ऐकून करायचा असतो.

आपल्या घरात दुधाच्या रतिबाची वही असते, साखर कारखान्याच्या उसाच्या बिलांची फाईल असते. त्यांच्या शेजारी आणखी एक वही ठेवा. तारीख, वेळ, नाडी, ताप, दाब, एवढेच तीत लिहा. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी दाब मोजून घ्या आणि घरातल्या बायकांचाही मोजायला लावा, कारण स्वतःचे दुखणे शेवटी सांगण्याची त्यांची सवय अजून गेलेली नाही. पुढे कधी डॉक्टरांपुढे बसावे लागले, तर ‘काही दिवसांपासून जरा बरे नाही’ असे मोघम सांगण्याऐवजी ती वही त्यांच्यापुढे उघडा.